वच्छीचा पाय

वच्छीच्या रडण्याची आमच्या घरात वेळ ठरलेली होती. सकाळी लाकडाच्या बंड्या नाक्यावरून जायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वळणापलीकडे विरायचा आणि मग माय चुलीवर पाण्याचा गंज चढवायची. गंजावरची झाकणी खडखडायला लागली की वच्छी अंथरुणावरून मागे मागे सरकू लागायची. माझी धाकटी बहीण, चार वर्षांची पोर. पाठ भिंतीला लागली की पुढे जागाच नसायची. तिथे ती दोन्ही हातांनी आपला उजवा पाय पोटाशी ओढून धरायची. हातांनीच, कारण पाय आपण होऊन येत नव्हता. तसा धरून मायकडे बघत राहायची. माय गंज खाली उतरवायची, घोंगड्याच्या पट्ट्या त्यात बुडवायची, चिमट्याने काढून पिळायची आणि तिच्याकडे वळायची. मग सुरू व्हायचं. "बाबा! बाबा वो!" नाक्यावरच्या बंडीवाल्यांपर्यंत तो आवाज जायचा. नवखा बंडीवाला विचारायचा, "काऊन मारून राह्यले पोट्टीले?" जुने नुसते बैल हाकायचे.

बाबा जंगलखात्यात नाकेदार होते. सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक बंडीवाट फुटायची, तिच्या तोंडाशी आमचा नाका. नाका म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, त्याला बांधलेला दगड, शेजारी एक छपरी आणि मागे आमचं दोन खोल्यांचं कुडाच्या भिंतींचं घर. भोवती सागवान आणि मोह. नाल्यापलीकडे गोंडांचा टोला होता, पंधरा-वीस घरांचा. त्याखेरीज माणूस म्हणून बघायला मिळायचा तो बंडीवाला. माझी माय ब्रह्मपुरीकडची, भरल्या धानाच्या गावातली. जंगलात तिला कधी करमलं नाही. अंगणात उभी राहिली की ती झाडांकडे बघायची नाही, झाडांच्या मधे कुठे मोकळं दिसतं का ते बघायची. खायला भात असायचा, लाखोळीची डाळ, आंबील, नाल्यातल्या मासोळ्या मिळाल्या तर त्या. मायच्या हाताला भात लावणीची सवय, त्यामुळे तिचे हात मोठे, बोटं टणक, आणि तळहात बाराही महिने कोरडे. त्या हातांबद्दल मला पुढे पुष्कळ सांगायचं आहे.

धानकापणीच्या दिवसांत वच्छीला ताप आला. चार दिवस अंग भाजत होतं. पाचव्या दिवशी सकाळी अंग थंड लागलं, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. मायने तिला उचलून दारात उभं केलं, उन्हात. वच्छी उभी न राहता खाली बसली. माय हसली, म्हणाली, "कमजोर झाली माही बाई." परत उभं केलं. परत बसली. तिसऱ्यांदा उभं केलं तेव्हा माय हसली नाही. उजवा पाय ओल्या धडप्यासारखा लोंबत होता. माझ्या नातवंडांना दवाखान्यात तोंडात दोन थेंब पाजून आणतात, आणि घरी आल्यावर त्यांना गोळी-बिस्कीट मिळतं. मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. कोणाला कारण सांगत नाही.

चांद्याला एक डॉक्टर होते. दिवसभर बंडी, मग मोटार, असं करत बाबा आणि माय तिला घेऊन गेले, आणि वच्छी माझ्याजवळ राहायची म्हणून मलाही नेलं. डॉक्टर उंच, हळू बोलणारे. त्यांनी पाय उचलून पाहिला, सोडून पाहिला, गुडघ्याखाली बोटं घालून पाहिली. म्हणाले, "हा पाय पहिल्यासारखा होणार नाही. ते मनातून काढा. पण आता याच्या शिरा आखडायला लागतील. गुडघा वाकडा होत जाईल. वाकडा झाला तर ही जन्मभर जमिनीवर घसटत चालेल. सरळ ठेवलात, तर काठी घेऊन का होईना, उभी राहील. हे चार-सहा महिनेच आपल्या हातात आहेत." मग त्यांनी दाखवलं. आधी गरम पट्ट्यांनी शेकायचं, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळायचं, एक हात मांडीवर दाबायचा, दुसरा टाचेखाली धरायचा आणि गुडघा सरळ होईतो ओढायचा. पाच मोजेपर्यंत तसाच धरायचा. वीस वेळा. सकाळी वीस, दिवेलागणीला वीस. "ती ओरडेल. ओरडू द्या," असं ते म्हणत असतानाच वच्छी अशी ओरडली की बाबा उठून बाहेर गेले. डॉक्टरांनी मायला जवळ बोलावलं, तिचे हात आपल्या हातांनी जागेवर ठेवले आणि तिच्याकडून एकदा करवून घेतलं. "तुमचे हात चांगले आहेत," म्हणाले. "आणि एक. खेळ हेही औषधच आहे. त्या पायाला काहीतरी काम द्या, लाथ मारायला लावा, काहीतरी ढकलायला लावा. हसत हसत जे होतं ते ओढून होत नाही."

परतीच्या बंडीत बाबा म्हणाले, "मले ते ओढनं नाई जमनार, शकुनची माय. माहा हातच नाई चालनार."

"मी करीन," माय म्हणाली.

"मी खेळवीन तिले."

एवढीच वाटणी झाली. कोणी कोणावर लादली नाही, कोणी त्यावर विचारही केला नाही. मी दहा वर्षांची होते, आणि मला ती वाटणी अगदी रास्त वाटली होती.

बाबांनी आपलं खात्याचं घोंगडं फाडून पट्ट्या केल्या. मग खेळाला लागले. त्यांच्या हातात कला होती. वाळलेल्या भोपळ्यात चिंचोके घालून त्यांनी तो छपरीच्या आढ्याला दोरीने टांगला, वच्छीच्या पायाजवळ येईल असा. पायाचा अंगठा लागला तरी भोपळा खुळखुळायचा. बांबूची गाडी केली, चिंध्यांचा चेंडू केला, कुरवडीसारखी पांढरी दिसणारी एक बगळ्यांची जोडी सावरीच्या लाकडातून कोरली. संध्याकाळी फिरतीवरून आले की पट्टा काढायच्या आधी ते वच्छीला खांद्यावर घ्यायचे. "कोनं मारलं माह्या राणीले?" विचारायचे. वच्छी मायकडे बोट दाखवायची. बाबा मायला लटकंच रागवायचे, "काऊन मारतं वं माह्या राणीले?" आणि वच्छी खुदखुदा हसायची. ते गमतीनेच करत. माय भाकर थापत असायची. ती मान वर करायची नाही.

थंडी सरता सरता वच्छी मायच्या हातचं खाईनाशी झाली. माय वाटी घेऊन जवळ गेली की तिचं अंग ताठ व्हायचं, ओठ घट्ट मिटायचे. एकदा माय घरात आली, नुसती आली, तर वच्छी जागीच ओली झाली. त्या दिवसापासून मायने एक सवय लावून घेतली. वच्छीजवळ जायचं असलं की ती दोन्ही तळहात उघडे करून पुढे धरायची आणि दारातूनच म्हणत यायची, "पाय नाई, बाई, पाय नाई. फक्त भात हाय. पाह्य, माह्या हातात काईच नाई." धरलेल्या चोराने दाखवावेत तसे ते हात. वच्छी ते हात बघायची, आणि तरी तोंड फिरवायची. शेवटी वाटी माझ्याकडे यायची. मी भरवायचे, आणि माय दाराआड उभी राहून किती घास गेले ते बघायची.

विहिरीवर टोल्यातल्या बाया यायच्या. त्यांतली मैनाबाई मायची त्यातल्या त्यात मैत्रीण. गोंड बाई, वयाने मायपेक्षा मोठी, तोडकी मराठी बोलायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, सोड आता, देवाने दिलं तसं राहू दे, लेकराला कशाला हाल करते. मैनाबाई तसं म्हणाली नाही. ती फक्त म्हणाली, "तुहे हात दुखत असंन." माय पोहरा तसाच अर्ध्यात धरून उभी राहिली. ते तिला कोणी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी पहिल्यांदा माय-बाबांचं भांडण ऐकलं. आवाज चढवून नाही. माय चुलीपुढे होती, बाबा उंबऱ्यावर बसून वच्छीसाठी लाकडी बैलाला चाकं बसवत होते.

"एक दिवस तुमी ओढा," माय म्हणाली.

"मी सांगतलं ना. मले नाई जमत."

"मले जमते? तुमाले वाटते मले जमते?"

"तू चांगली करतं. डॉक्टरच म्हनले."

"तिले हसवाले तुमी आन् रडवाले मी. ती मोठी झाली म्हंजे काय म्हनन? बाप होता आन् एक बाई होती, पाय पिळाची." चाक बसलं नाही म्हणून बाबांनी ते परत काढलं. माय म्हणाली, "मी तिची माय हाव. हे तिले कोनीतरी सांगा."

मला आज वाटतं, तेव्हाच काहीतरी करायला हवं होतं. पण चैत्र लागला, पानगळ झाली, आणि जंगलात जाळ लागायला सुरुवात झाली. डोंगराच्या अंगाला वणवा उतरला तेव्हा खात्याचा निरोप आला आणि बाबा सहा दिवसांसाठी गेले. जाताना त्यांनी वच्छीला सांगितलं नाही. ती रडेल म्हणून. ती झोपेत असतानाच गेले.

आता दोन्ही कामं मायची. सकाळी ओढायचं, आणि मग तिनेच भोपळा हलवायचा. पहिल्या दिवशी मायने भोपळा खुळखुळवला तेव्हा वच्छीने कान झाकून घेतले. दुसऱ्या दिवशी मायने बाबांसारखा आवाज काढून पाहिला. मला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी वच्छीने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपारी माय टोल्याच्या बाजूला काटक्या आणायला गेली, मला म्हणाली, "इथंच बस. हलू नको." मोहफुलं पडायचे दिवस होते. झाडाखाली फुलांचा सडा, उन्हाने त्याला गोड कडक वास सुटलेला. वच्छी डोळे मिटून होती. मी म्हटलं, ओंजळभर वेचून येते. मी ओचाभर वेचली. परत आले तेव्हा अंथरूण रिकामं होतं.

माय आली, तिने माझ्याकडे पाहिलं, अंथरुणाकडे पाहिलं, आणि काटक्या टाकून सरळ विहिरीकडे धावली. विहिरीच्या काठावर पालथी पडून तिने आत हाक मारली. आतून तिचाच आवाज आला. मी तिथे उभी होते, आणि माझ्या ओच्यातली फुलं एकेक करून गळत होती, हे मला स्पष्ट आठवतं. हाका ऐकून मैनाबाई आली. तिने विहिरीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अंगणात वाकली, बंडीवाटेकडे गेली, पुन्हा वाकली आणि हात वर करून आम्हाला बोलावलं. वाटेच्या मऊ धुळीत दोन लहान तळहात उमटले होते, एक गुडघा, आणि त्याच्या बाजूने एक लांब रेघ, ओढत नेलेल्या पायाची. बाबा रोज ज्या दिशेने फिरतीला जायचे, त्या दिशेने.

आम्ही त्या खुणांवरून गेलो. माय पुढे, डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. धूळ इतकी तापली होती की मी कडेच्या गवतावरून चालत होते. या धुळीतून ती पोर तळहातांवर गेली होती. पाव कोस होत आला, तरी खुणा संपेनात. नाल्याच्या उतारावर मैनाबाई थांबली आणि बोट दाखवलं. नाल्याच्या कोरड्या वाळूत, करंजाच्या सावलीला वच्छी बसली होती. तळहात तोंडाशी धरून फुंकत होती. मायच्या गळ्यातून एक आवाज निघाला. वच्छीने वर पाहिलं. मायला पाहिलं, आणि ते भाजलेले हात पुन्हा वाळूत टेकून ती पलीकडच्या काठाकडे सरपटू लागली.

माय होती तिथेच थांबली. मग खाली बसली. तापल्या वाळूत, तशीच. "शकुन," ती म्हणाली, "तू जाय. तू घे तिले. मी येत नाई." मी जाऊन वच्छीला उचललं. ती माझ्या गळ्याला मिठी मारून कुजबुजली, "बाबा पलीकडं हाय." मैनाबाईने तिला माझ्याकडून घेतलं, कारण ती मला पेलत नव्हती. आम्ही माघारी वळलो. माय मागून येत होती, वच्छीच्या नजरेला पडणार नाही इतकं अंतर ठेवून.

वाटेत मैनाबाई एका जागी थांबली आणि मायची वाट बघितली. धुळीकडे बोट केलं. "पाह्य," म्हणाली. घरापासून तिथवर ती पायाची रेघ अखंड होती. तिथून पुढे ती तुटत गेली होती. थोडी रेघ, मग एक खळगा, पुन्हा थोडी रेघ, पुन्हा खळगा. "हा गुडघा टेकवला तिनं. ढकललं त्याच्यानं." माय वाकली. तिने त्या खळग्यात आपलं बोट ठेवून पाहिलं, जणू माप घेत होती. पाच महिने ती ज्या पायाला ओढत होती, त्याने पहिल्यांदा काहीतरी ढकललं होतं. माय वर बघून म्हणाली, "टेकवला वं तिनं पाय." तिचा चेहरा उजळला होता. आणि मग त्याच चेहऱ्याने, तसंच हसत म्हणाली, "माह्यापासून पळाले टेकवला." मैनाबाईने वच्छीला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने मायला दंडाला धरून उठवलं.

बाबा आले तेव्हा त्यांच्या भुवया जळल्या होत्या. मायने त्यांना पाणी दिलं, जेवू घातलं, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "उद्यापासून पाय तुमी. खेळ मी."

"शकुनची माय—"

"नाई तं मले माह्या गावी पोचवून द्या, आन् सांगा तिले का माय मेली. तसंबी तिले बरंच वाटन."

बाबा कबूल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गंज बाबांनी उतरवला. वच्छी त्यांच्याकडे बघून हसली, तिला वाटलं हाही खेळच. त्यांनी मांडीवर हात ठेवला, टाच धरली आणि ओढली. वच्छी एकदम गप्प झाली. तिला कळेचना. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा ओढली तेव्हा ती किंचाळली, "माय! माय वं! ये वं माय!"

माय मागच्या दारी, चुलीपाशी होती. पाच महिन्यांत तिला वच्छीने हाक मारली नव्हती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी उंबरा धरून ठेवला, कारण तिला आत जायचं नव्हतं. आत गेली असती तर बाबांनी लगेच सोडलं असतं. हाका येत राहिल्या आणि माय उंबरा धरून बसून राहिली. बाबांचं संपलं तेव्हा ते बाहेर आले, छपरीमागे गेले आणि ओकले.

मायला खेळता येत नव्हतं. पाच वर्षांची असल्यापासून ती धानाच्या बांध्यांमधे काम करत आलेली. तिने भोपळ्याला हात लावला नाही. विहिरीजवळ सांडपाण्याचा चिखल असायचा, तिथे ती वच्छीला कडेवर घेऊन गेली, चिखलात बसवलं आणि वीतभर जागेला बांध घातला. मग गवताच्या काड्या घेऊन रोवणी करू लागली, खऱ्या धानासारखी, ओळीने. वच्छीकडे बघायची नाही, बोलायची नाही, नुसती रोवायची. तीन दिवस वच्छी बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने एक काडी उचलून रोवली, वाकडी. मायने ती सरळ केली नाही. "बरी लावली," एवढंच म्हणाली. पुढे पुढे बांधी मोठी झाली, कडेची ओळ लांब गेली, आणि तिथवर हात पोचवायला वच्छी गुडघ्यावर झुकू लागली. एका सकाळी दोघी नखशिखांत चिखलात माखून घरात आल्या आणि हसत होत्या. माय हसते तेव्हा तिचा एक दात पुढे दिसतो, हे मला तेव्हा समजलं.

म्हणूनच मी बोलले नाही. मायने आत यायचं नाही असं ठरलं होतं, आणि बाबांच्या मदतीला मी आत असायचे, पट्ट्या द्यायला. पहिल्या आठवड्यात बाबांनी वीस केले. मग पंधरा. मग ते मोठ्याने मोजू लागले, मागच्या दारी ऐकू जाईल असं: "एक, दोन, तीन, सहा, सात, अकरा..." पाचऐवजी दोनच मोजून टाच सोडायचे. मला वीसपर्यंत नीट येत होतं. मी त्यांच्याकडे पाहायचे, ते माझ्याकडे पाहायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "शकुन, पोरगी लय थकली आज." मी मान हलवली. वच्छी कमी रडत होती, माय चिखलात हसत होती, घरात किती महिन्यांनी शांत होतं. त्या शांततेत मीही सामील होते. असं सव्वा महिना आम्ही दोघांनी मोजलं.

पाऊस लागायच्या आधी चांद्याला जायचं ठरलेलं होतं. डॉक्टरांनी वच्छीला टेबलावर झोपवलं आणि गुडघ्याखाली बोटं घातली. पुन्हा घातली. "मागच्या वेळी दोन बोटं जात होती," ते म्हणाले. "आता चार जातात. आखडलाय. तुम्ही हे बंद केलंत?" त्यांचा हळू आवाज तसाच हळू होता, म्हणून जास्त लागला. "कोण करत होतं?"

"मी," माय म्हणाली.

बाबा दाराशी उभे होते, खाकी टोपी हातात घेऊन. मी टेबलाजवळ होते. मायने आमच्याकडे पाहिलं नाही. गुडघा बघून तिला तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं, की आधीच कळलं होतं, हे मला कधीच समजलं नाही. डॉक्टर तिला बोलले. तुम्ही आई आहात, म्हणाले. थोडी दया दाखवायला गेलात आणि लेकराचं जन्माचं नुकसान केलंत, म्हणाले. माय खाली मान घालून ऐकत होती. बाबांची टोपी हातातल्या हातात फिरत होती. मग डॉक्टरांनी विचारलं, खेळवतं कोण, आणि आमची वाटणी ऐकून घेतल्यावर त्यांनी वच्छीचा पाय हळूच खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "एक दिवस एकाने, एक दिवस दुसऱ्याने. आणि ज्याने ओढलं, त्यानेच लगेच खेळवायचं. रडली की त्याच माणसाच्या अंगावर तिला पडता आलं पाहिजे."

तसं आम्ही केलं. बाबांच्या पाळीला बाबा वीस मोजायचे, एकही न गाळता, आणि त्यांचा आवाज फाटायचा. वच्छी मायच्या हातात बाबांना हाका मारायची, बाबांच्या हातात मायला. पण संपलं की हुंदके देत त्याच गळ्यात पडायची, कारण दुसरा गळा तिथे नसायचा. चार बोटांची तीन झाली. त्यापुढे गेली नाहीत. सातव्या वर्षी वच्छी काठी घेऊन उभी राहिली, गुडघा थोडा वाकलेला, कंबर एका बाजूला कललेली. ती शिकली, लग्न झालं, ब्रह्मपुरीला तिचा संसार आहे. जिने चढताना तिला थांबावं लागतं. मायने त्या सव्वा महिन्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द काढला नाही, ना बाबांजवळ, ना माझ्याजवळ. बाबांनीही नाही.

माय गेल्यावर बाबा माझ्याकडे होते. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. एका दुपारी मी त्यांच्याजवळ तांदूळ निवडत बसले होते. वच्छी चार दिवस राहून त्याच सकाळी गेली होती. रिक्षात चढताना तिला दोन माणसांनी धरावं लागलं, ते त्यांनी आवाजावरून ओळखलं असावं.

"शकुन," ते म्हणाले, "तू तं तिथी होती. मी पुरे वीस केले असते, तं पोरीचा पाय सरळ झाला असता का वं?"

साठ वर्षांत तो प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला होता, ते त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी तांदळातून हात काढला नाही.

"नाई बाबा. डॉक्टर म्हनले होते ना, हा पाय तसाबी इतकाच सुटनार होता."

"कधी म्हनले?"

"दुसऱ्या खेपेले, चांद्याले. तुमाले नाई ऐकू आलं. तुमी बाहेर गेले होते."

त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. न दिसणारे डोळे माझ्यावर बराच वेळ तसेच होते. मी एक खडा उचलून बाजूला टाकला, तो खडा नव्हता, तांदूळच होता.

"हो," बाबा म्हणाले. "मी बाहेरच होतो."